सव्वा लाखाची मूठ

राखणदार झाल्यापासून त्या हिवाळ्यापर्यंत जयपाल शिरगुप्प्यांनी उत्तर न दिलेले पत्र एकच होते. ते नांदणीहून आले होते. रोपवाटिकेत रोपांच्या ट्रेला लावतात तसल्या जाड पिवळसर कागदाच्या पाठीवर लिहिलेले, अक्षर नेटके, ओळी शेवटाकडे जरा वर चढत गेलेल्या. खाली नाव होते, ईश्वरी कोळेकर.

बाकीची पत्रे एकाच चालीची असत. 'तो मीच आहे का? एवढंच सांगा.' शिरगुप्पे त्यांना दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने एकाच चालीचे उत्तर लिहीत: 'नियमाप्रमाणे उत्तर देता येत नाही. वर्गणी चालू ठेवावी, ही विनंती.' पाकीट बंद, तिकीट लावले, पेटीत टाकले. मन त्यात गुंतत नसे.

ईश्वरीने मात्र हा प्रश्न विचारलाच नव्हता. तिने लिहिले होते, 'ती मी आहे का, हे मी विचारत नाही. तुम्ही सांगणार नाही हे मला ठाऊक आहे. मला मुलगी आहे, आणि दुसरं मूल हवं आहे. पुढचं काही माहीत नसताना ते आणावं का, हे ठरत नाही. म्हणून विचारते, एवढ्या माणसांचं पुढचं ठाऊक असताना तुम्ही त्यांच्या डोळ्यांत कसं बघता? ते कळलं, तर मला काही ठरवता येईल.'

या पत्राला ते छापाचे वाक्य पाठवणे शिरगुप्प्यांना उद्धटपणाचे वाटले. आणि दुसरे काय लिहावे हे सुचेना. खरे उत्तर एवढेच होते की ते कुणाच्या डोळ्यांत बघतच नसत. कॉलेजच्या ग्रंथालयात सारी नोकरी झाली, तिथेही माणसापेक्षा त्याने आणलेल्या पुस्तकाच्या पाठीकडे बघून बोलायची त्यांना सवय होती. त्यांनी चार ओळी लिहिल्या, वाचल्या, फाडल्या. 'काळजी करू नये' लिहावे तर ती निरोगी आहे असा अर्थ निघतो. 'धीर धरावा' लिहावे तर त्याच्या उलट. 'आपल्या प्रश्नाने मला विचारात पाडले' हे तर दोन्हीकडून वाईट. उद्या नीट जमेल, असे म्हणत ते पत्र शब्दकोशाखाली गेले आणि तिथेच राहिले.

या दिरंगाईने सहा इस्पितळे हलतील, असे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते.

पूर्वलेख पहिल्यांदा आला तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. रक्ताच्या थेंबात हजारो जातींची प्रथिने असतात, आणि आजार अंगावर दिसायच्या कितीतरी वर्षे आधी त्यांची आपापसांतली प्रमाणे बदलू लागतात. नदीला पूर येण्याआधी वरच्या अंगाचे पाणी गढूळ होते, तसेच हे. ते गढूळपण वाचणाऱ्या तपासणीचे नाव पूर्वलेख. पुढच्या पंधरा वर्षांत या माणसाला इस्पितळाची पायरी चढावी लागेल का, कशासाठी आणि साधारण केव्हा, हे ती जवळजवळ अचूक सांगे. अपघात आणि साथी सोडल्या, तर तिच्या नजरेतून फारसे काही सुटत नसे.

तिचा पहिला घाव आजारावर पडायच्या आधी इस्पितळांवरच पडला. दातीर रुग्णसेवा मंडळाची तेव्हा कऱ्हाडपासून शिरोळपर्यंत नऊ इस्पितळे होती. मंडळ धर्मादाय. नफा कुणी घरी न्यायचा नाही आणि दारातून कुणाला परत पाठवायचे नाही, हे संस्थापकांचे दोन नियम. खर्च भागे तो वर्गणीवर. भागातले प्रत्येक कुटुंब वर्षाला सारखीच वर्गणी भरी, आणि जो आजारी पडे त्याच्यावर ती खर्च होई. धडधाकट माणसेही वर्षानुवर्षे भरत, कारण उद्या आपली पाळी येणार नाही असे छातीठोकपणे कुणाला म्हणता येत नसे. मंडळाची खरी ठेव ती हीच होती, आणि कुठल्या जमाखर्चात ती कधी मांडली गेली नव्हती.

पूर्वलेखाने ही ठेव वर्षभरात फस्त केली. ज्यांचा लेख कोरा निघाला त्यांनी वर्गणी थांबवली. उरलेल्यांच्या वर्गणीत उरलेल्यांचेच उपचार भागेनात, म्हणून ती वाढवावी लागली. वाढवली, तशी त्यांतलीही जरा बरी माणसे गळाली. तीन इस्पितळांना कुलपे लागली. त्यांतल्या एकाच्या प्रसूतिगृहात पुढे कुणी रेशमाचे किडे पाळले.

शेवटी सरकारने पूर्वलेख कुणालाही उघडून सांगायला बंदी केली. तपासणी करा, पण झाकून ठेवा. ती झाकायची कशी, हे डॉ. शिवलीला हिरेमठांनी शोधले. त्या डॉक्टर खऱ्या, पण औषधाच्या नव्हेत. माहितीशास्त्र हा त्यांचा विषय होता. कुणाला काय कळते आणि ते कळल्यावर तो कसा वागतो, याचे गणित मांडणारे ते शास्त्र. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण सगळेच म्हणतो आणि पुढे जातो. हिरेमठबाई तिथे थांबल्या.

एका गल्लीतली पाच घरे म्हणजे एक मूठ. दर वर्षी पाचही घरांचे रक्त जाई, यंत्र ते वाचे, आणि मुठीला एवढेच कळवी की तुमच्यात बोलावणे एक आहे, किंवा दोन आहेत. कुणाचे, ते नाही. एकही बोलावणे नाही अशी मूठ यंत्र बांधतच नसे. वेळ जवळ आली की त्या माणसाला मंडळाचे पत्र जाई: अमुक दिवशी या, उपचार करू. तेच बोलावणे. बहुतेक माणसे त्यातून खडखडीत बरी होऊन परत येत. तरीही हा शब्द लोकांनी घरातून हद्दपार केला होता, आणि लग्नाला या म्हणून सांगायला गेलेला माणूससुद्धा 'आमंत्रण द्यायला आलोय' असेच म्हणे. मूठ सोडायची मोकळीक होती. पण सोडणाऱ्याचा लेख मार्चअखेर पुसला जाई, कारण वर्गणी न भरणाऱ्याचे भविष्य जवळ बाळगायचा मंडळाला हक्क नव्हता. पुसला की पुसला. त्याला मग बोलावणे जाणार नाही.

हे सगळे यंत्राकडेच का ठेवू नये, असे विश्वस्तांनी विचारले होते. हिरेमठबाई म्हणाल्या होत्या की यंत्राला शपथ घालता येत नाही. एक माणूस हवा, राखणदार, ज्याला सगळे दिसेल आणि जो बोलणार नाही. कॉलेजात असताना त्या शिरगुप्प्यांच्या ग्रंथालयात बसत. निवृत्त झालेल्या, बायको गेल्यावर पुस्तकांत बुडून राहिलेल्या त्या माणसाकडे त्या स्वतः गेल्या. "अण्णा, जन्मभर लोकांना गप्प बसवलंत," त्या म्हणाल्या, "आता तुम्ही बसा." पत्रव्यवहार कागदावरच ठेवायचा, हाही नियम त्यांचाच. तारांतून गेलेल्या निरोपाची वेळ, लांबी, सगळे कुणीतरी मोजू शकते. कागद मोजत नाही, असे त्यांना वाटले होते.

नांदणीच्या त्या गल्लीत पाच घरे होती आणि बोलावणे एक होते. चार घरांनी कधी ना कधी राखणदाराला पत्र लिहिले होते. तिघांना लगेच उत्तर आले. ईश्वरीला आले नाही. पाचव्या घरच्या बाळगोंडा मगदूमने पत्र लिहिलेच नव्हते, लिहिणे त्याने शाळेबरोबर सोडले होते. महिना गेला, दोन गेले. मग गल्लीत कुणाच्या तरी तोंडून ते निघाले, की सरांना खोटे लिहवत नाही, आणि खरे लिहायची परवानगी नाही, म्हणून बिचारे गप्प बसले, म्हणजे बोलावणे ईश्वरीचेच. एकदा निघाल्यावर ते सगळ्यांना पटले. ईश्वरीलाही पटले. बाकीच्या चार घरांनी मूठ सोडली.

ईश्वरीचा लेख कोरा होता. ज्या दिवशी पत्र आले त्याच दिवशी, नियमाप्रमाणे, कुणाचे बोलावणे राहून गेले नाही ना हे पाहायला शिरगुप्प्यांनी त्या मुठीचे पान उघडले होते. बोलावणे बाळगोंडाचे होते. छातीतल्या मोठ्या धमनीची भिंत एका जागी पातळ होऊन फुगत जाणार होती. हा फुगा दुखत नाही, म्हणून कळत नाही. वेळेवर आत जाळीची नळी बसवली तर माणूस म्हातारा होऊन मरतो. नाही बसवली, तर एक दिवस फुगा फुटतो. त्याचे बोलावणे येत्या दिवाळीनंतरचे होते.

हिरेमठबाई फेब्रुवारीतल्या एका दुपारी आल्या. मिरजेच्या मुख्य इस्पितळामागच्या जुन्या धोबीखान्यात राखणदाराची खोली होती. खुर्चीवरची पुस्तके खाली ठेवून त्या बसल्या. मग त्यांनी सांगितले, ते असे. नांदणीची गोष्ट गावोगाव गेली आहे. लोक आता मुद्दाम राखणदाराला पत्रे टाकतात, उत्तर येते का ते पाहायला. ज्यांना उत्तर आले, त्यांतले बहुतेक महिन्याभरात मूठ सोडतात. मंडळाची नाडी, म्हणजे हातातल्या पैशावर किती दिवस दारे उघडी ठेवता येतील तो आकडा, इतकी मंद कधीच झाली नव्हती.

"पण मी सगळ्यांना एकच वाक्य लिहितो," शिरगुप्पे म्हणाले.

"वाक्य कोण वाचतंय, अण्णा? पाकीट आलं, एवढंच वाचतात. माहिती शब्दानं फुटत नाही, फरकानं फुटते. तुम्ही सगळ्यांना शिव्या लिहून पाठवल्या असत्या तरी चाललं असतं. एकीला पाकीट पाठवलं नाहीत, तिथं घोटाळा झाला."

शिरगुप्प्यांचे कान तापले. ते म्हणाले की आजच तिला लिहितो. उशीर का झाला तेही लिहितो, की पत्र चांगले होते, उत्तर जमेना, दुसरा काही अर्थ नव्हता.

"लिहा. आणि ती खरंच आजारी पडणार असती तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

शिरगुप्प्यांनी अगदी हेच लिहिले असते.

बाईंनी मग खरे कारण काढले. जानेवारीत शिरगुप्पे तापाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हाची पत्रे तशीच राहिली होती आणि ते बरे होऊनही मागच्या ढिगाला पुरे पडले नव्हते. ती पत्रे लिहिणाऱ्या एकानेही मूठ सोडलेली नव्हती. कित्येकांनी पुढची वर्गणी आगाऊ भरली होती, आणि काहींनी तर आईबापांच्या नावे इस्पितळाला खाटा दिल्या होत्या.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं उत्तर मंडळाला महागात पडतं, आणि तुमचं गप्प बसणं मंडळाला जगवतं. विश्वस्तांनी ठरवलंय. यापुढे कुणालाच उत्तर द्यायचं नाही."

"ज्यांना काही होणार नाही, ते भितील."

"भितील. आपल्या आज्याही भीतच होत्या, अण्णा. त्याच भीतीवर त्यांनी ही इस्पितळं बांधली."

"त्यांची भीती सगळ्यांची मिळून होती," शिरगुप्पे म्हणाले. इतके सलग बोलायची त्यांना सवय नव्हती. "ह्यांना वाटेल, चिठ्ठी माझ्याच नावाची निघाली."

"काही दिवस वाटेल. कुणालाच उत्तर येत नाही हे एकदा सगळीकडे कळलं, की न येण्याला काही अर्थ उरणार नाही. मूठ परत झाकली जाईल. पण कुणालाच म्हणजे कुणालाच नाही. एक पाकीट जरी बाहेर पडलं, तर उरलेल्या सगळ्यांची ती भीतीच खरी ठरेल."

जाताना त्या दाराशी थांबल्या. तुम्हाला काही करायचे नाही, एवढेच करायचे आहे, असे म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते. त्या रात्ररात्र झोपत नाहीत, हे इस्पितळात सगळ्यांना ठाऊक होते.

त्या गेल्यावर शिरगुप्प्यांना पहिल्यांदा हायसेच वाटले. काही न करणे हे त्यांना जमणारे काम होते. पत्रे येत राहिली. धोबीखान्यात मळक्या चादरी टाकायच्या जुन्या वेताच्या टोपल्या होत्या, त्यांत ती साठू लागली. कुणी दुसरे पत्र लिहिले, कुणी तिसरे. एकाने नुसतेच तिकीट लावलेले रिकामे पाकीट आत घालून पाठवले, वर स्वतःचा पत्ता. राखणदाराला कष्ट नकोत म्हणून. शिरगुप्पे प्रत्येक पत्राचे पान उघडून बघत, कारण तो नियम अजून होता. कोरी, कोरी, कोरी, मग एखादे भरलेले, पुन्हा कोरी. संध्याकाळी भाकरीचा तुकडा हातात घेऊन ते ताटासमोर बसून राहत.

मार्चच्या मध्यावर ईश्वरी कोळेकर आली. राखणदाराला भेटायला बंदी नव्हती, तोंडी विचारायला होती. मिरचीच्या रोपांचा एक ट्रे तिने टेबलावर ठेवला. तिशी उलटलेली, उन्हाने रापलेली, नखांत माती. तिच्यामागून एक आडदांड माणूस वाकून दारातून आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. हा बाळगोंडा. आजोबांचे नाव त्याला ठेवले होते. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे त्याचे दुकान होते, आणि तिला आपल्या टेम्पोतून तोच घेऊन आला होता.

"मी काही विचारायला आले नाही, सर," ती म्हणाली. "आभार मानायला आले."

शिरगुप्प्यांना कळेना.

"तुम्हाला ते वाक्य पाठवता आलं असतं. सगळ्यांना पाठवता. मला नाही पाठवलंत. खोटं लिहवलं नाही तुम्हाला. एवढं कोण करतं हल्ली?"

मग तिने सांगितले की आता सगळे ठरले आहे. दुसऱ्या मुलाचा विचार सोडला. मुलीला जूनपासून हुबळीला बहिणीकडे शाळेत घालणार. लहान आहे तोवर मावशीची सवय होईल, म्हणजे पुढे एकदम तुटायला नको. नवऱ्याला अजून पटत नाही, रोज भांडण होते, पण पटेल. हे ती रोपांना पाणी किती घालायचे ते सांगावे तशा आवाजात सांगत होती. "बाळूदादा तर मला घागर उचलू देत नाहीत. अजून मेले नाही म्हटलं, की रागावतात."

"गप गं," बाळगोंडा म्हणाला.

ती हसली. शिरगुप्पे तिच्याकडे बघत होते, हे त्यांचे त्यांनाच उशिरा कळले.

"बघता येतं की तुम्हाला," ती म्हणाली.

शिरगुप्प्यांनी झटकन मान खाली घातली. आणि घातल्याबरोबर त्यांना समजले की तिने तेही वाचले. ती रोपांना पाणी घालते म्हणून पेला घेऊन बाहेरच्या नळाकडे गेली.

बाळगोंडाने खिशातून शेंगदाणे काढले, अर्धे शिरगुप्प्यांपुढे ठेवले. "लई वाईट वाटतं सर," तो हळू आवाजात म्हणाला. "पर खरं सांगू? झोप लागायला लागली. आमची मूठ झाल्यापासनं रात्री छातीवर हात ठेवून पडायचो, ठोके मोजत. आता न्हाई. आमच्या वाटचं तिनं घेतलं. म्हणून आम्ही चार घरं वर्गणीचं पैसं तिच्याच घरी देतोय, पोरीच्या नावानं."

"वर्गणी चालू ठेवा," शिरगुप्पे म्हणाले.

बाळगोंडा हसला. "ते तुम्ही सगळ्यास्नीच लिहिता."

"ठेवा. मार्चअखेरपर्यंत परत येता येतं."

क्षणभर त्याचा दाण्यांकडे गेलेला हात थांबला. त्याने या भित्र्या म्हाताऱ्याकडे निरखून पाहिले. मग मान हलवली, पोराची समजूत काढावी तशी. "तुम्ही मंडळाचं मीठ खाताय, सर. तुम्ही दुसरं काय म्हणणार? पर ज्याची झोप परत आलीय, त्याला तुम्ही काय पण सांगा."

ती दोघे गेली. टेम्पोत चढताना बाळगोंडाने तिला हात दिला.

दुसऱ्या दिवशी शिरगुप्प्यांनी हिरेमठबाईंना फोन केला. एक अपवाद करता येईल का, असे विचारले.

"मला नाव सांगू नका, अण्णा," बाई म्हणाल्या. "नाव कळलं तर तुम्हाला जे करावंसं वाटतंय ते मलाही वाटेल. आज सकाळी मी मूत्रपिंडाच्या वॉर्डात गेले होते. तिथं यंत्रांना लावलेली माणसं आहेत. एक आठवडा वीजबिल थकलं, तर त्यांना कुठं न्यायचं? त्यांचीही नावं आहेत." मग म्हणाल्या, "मी तुम्हाला अडवणार नाही. ते अडवायचं यंत्र मला बनवता आलं नाही."

शिरगुप्प्यांनी जन्मभर मोठमोठ्या माणसांची पुस्तके हाताळली होती. त्यांतला कुणीतरी या वेळी काही सांगेल, अशी आशा त्यांना होती. त्यांनी दोन-तीन पुस्तके उघडलीही. त्या लेखकांपैकी कुणाला बाळगोंडाचे पान ठाऊक नव्हते. उलट विचारही आला, की आपण कोण? एक घाबरट, रिकामा म्हातारा. सहा इस्पितळांपेक्षा आपल्याला जास्त कळते का? आपल्याला त्या बाईने चांगले पत्र लिहिले म्हणून ही सगळी तगमग. वाईट लिहिले असते, तर आपण आज शांत झोपलो असतो. या विचाराची त्यांना शरम वाटली, पण तो खोटा नव्हता.

मार्च संपत आला तेव्हा त्यांनी एक साधा कागद घेतला. ईश्वरीच्या प्रश्नाचे उत्तर या वेळीही मनात तयार नव्हते, आणि असते तरी लिहिता आले नसते. एक शब्द जास्त झाला, तर तिला पुन्हा दयाच दिसणार. त्यांनी नेहमीच्या अक्षरात लिहिले, 'नियमाप्रमाणे उत्तर देता येत नाही. वर्गणी चालू ठेवावी, ही विनंती.' आणि सही केली.

कचेरीतल्या या कोरड्या वाक्याइतकी गोड बातमी त्यांनी आजवर कुणाला पाठवली नव्हती. हे पाकीट हातात पडले की ईश्वरीला कळणार, ती आपण नाही. पोरगी हुबळीला जाणार नाही. आणि त्याच घटकेला गल्लीतली माणसे हिशेब करणार. चौघांना उत्तरे आली. ज्याने पत्र कधी लिहिलेच नाही, असा एकच उरला. बाळगोंडाची झोप त्या रात्रीपासून जाणार, कदाचित कायमची. पण तो धावत परत येणार, लेख पुसायच्या आत. हे वाक्य तिला सोडवणार होते, आणि तेच वाक्य त्याला पकडून आणणार होते.

टपालाची पेटी इस्पितळाच्या फाटकाबाहेर होती. दुपारची वेळ, रस्ता पांढरा पडलेला. पेटीशेजारी शहाळी विकणारी नेहमीची बाई गोणपाटाच्या सावलीत बसली होती. शिरगुप्प्यांनी पाकीट पेटीच्या तोंडात अर्धे घातले, तेवढ्यात ती उठून जवळ आली.

"सर, उत्तरं परत सुरू झाली व्हय?"

शिरगुप्प्यांनी नकळत पत्त्यावर तळवा ठेवला.

"आमचं गेलेलं संक्रांतीच्या टायमाला," ती म्हणाली. "दोनदा टाकलं. म्हटलं, सर कुणालाच लिहीत न्हाईत आता. सगळी तसंच म्हणत होती. म्हणून जरा निवांत होते."

त्यांना तिचे पान आठवले. सुमन नायकवडी. कोरे. पंधरा वर्षे कोरे. तिलाही लिहावे, असे त्यांच्या मनात आले, आणि मग टोपल्यांतली सगळी कोरी पाने एकामागून एक डोळ्यांपुढे आली. त्या सगळ्यांना लिहिले, तर ज्यांना लिहिले नाही त्यांची नावे फाटकावर खडूने लिहिल्यासारखीच झाली, आणि मग आत यंत्रांना लावलेल्या माणसांसाठी भरणारे कुणी उरले नाही. नाही लिहिले, तर ही बाई आज घरी जाऊन काय करील? तिला मुले असतील का? तिला बहीण असेल का, कुठे लांब?

पाकीट अजून परत ओढता येत होते.

तिने त्यांच्या हाताखालचा पत्ता वाचायचा प्रयत्न केला नाही. नुसती त्या पांढऱ्या कडेकडे बघत होती.

"असू दे," ती म्हणाली. "ज्याचं आलं त्याचं बरं झालं. माझं काय ते कळलं मला."

शिरगुप्प्यांनी तोंड उघडले. त्यातून एकच वाक्य बाहेर येऊ शकले, कारण वर्षानुवर्षे तेच एक त्यांच्या हातात बसलेले होते.

"वर्गणी चालू ठेवा."

"ठेवते की," ती म्हणाली. "आता तर ठेवायलाच पायजे."

ती मागे वळली, गोणपाटाखाली जाऊन बसली आणि कोयता मांडीवर घेऊन तशीच राहिली. समोर एक गिऱ्हाईक उभे होते, ते तिला दिसले नाही.

शिरगुप्प्यांनी बोटे सैल केली. पाकीट आत पडले.